सातवा नियम मागे घ्या : विज्ञानकादंबरी स्पर्धेच्या संयोजकांना नागपुरातून खुलं पत्र

सन्माननीय संयोजक आणि परीक्षक मंडळ,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या विज्ञानकादंबरी स्पर्धेची आपली नियमावली वाचली. पानांची मर्यादा, अक्षराचा आकार, मुदत, सगळं नेहमीचंच. नवा आहे तो सातवा नियम. देशादेशांतल्या वाटाघाटी, करार, राजदूत किंवा आंतरराष्ट्रीय संस्था हे ज्या कादंबरीचं मुख्य सूत्र असेल ती ‘राजकीय’ समजली जाईल आणि विज्ञानकादंबरी म्हणून तिचा विचार होणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. ज्यांनी खुलासा विचारला त्यांना तोंडी उत्तर मिळालं, की विज्ञानकादंबरीत यंत्र हवं, बैठका नकोत.

आम्ही नागपुरातले काही विज्ञानकथेचे वाचक आणि लेखक आहोत. आमच्यातले दोघे आंतरराष्ट्रीय कायदा शिकवतात. काहींची हस्तलिखितं या नियमाने बाद होतात, हे आधीच सांगून टाकतो. हितसंबंध झाकून तक्रार करणं बरं नाही. पण हा नियम पाहून उद्या इतर स्पर्धा आणि दिवाळी अंकही असंच कुंपण घालतील, ही भीती मोठी आहे. म्हणून पत्र पाकिटात न घालता सगळ्यांसमोर ठेवतो आहोत.

आमचं म्हणणं थोडक्यात असं : करार हेही एक यंत्रच आहे. त्याला सुटे भाग असतात, ते ठरावीक क्रमाने जुळवावे लागतात, चुकले तर ते बंद पडतं, आणि कुठे बिघडलं ते दाखवता येतं. आपला नियम हे यंत्र उघडून पाहायलाच मनाई करतो.

आधी आपल्या नियमात अगदी सहज बसेल अशी कादंबरी घेऊ. लघुग्रह पृथ्वीच्या दिशेने येतो आहे, शास्त्रज्ञ त्याला वळवतात. बैठक नाही, राजदूत नाही. आता हिशेब करा. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते. तिचा व्यास सुमारे १२,७०० किलोमीटर. म्हणजे स्वतःच्या रुंदीएवढं अंतर ती सात मिनिटांत ओलांडते. ढोबळमानाने, लघुग्रहाला सात मिनिटं उशीर करा किंवा सात मिनिटं लवकर आणा, गाठ चुकते. दहाएक वर्षं आधी धक्का दिला तर त्याच्या वेगात सेकंदाला सेंटिमीटरभर फरकही पुरतो. धक्का देता येतो हे सिद्धही झालं आहे : २६ सप्टेंबर २०२२ रोजी ‘नासा’चं डार्ट यान एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या डायमॉर्फस या छोट्या पिंडावर आदळलं आणि ११ तास ५५ मिनिटांची त्याची प्रदक्षिणा सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाली. यंत्र झालं. आता पुढे?

लघुग्रह नेमका कुठे पडेल हे वर्षानुवर्षं आधी ठामपणे कळत नाही. पृथ्वीवर एक लांबट, अरुंद पट्टी आखली जाते, धोक्याची पट्टी. ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन टक्क्यांच्या वर गेली, तेव्हा ही पट्टी प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, आफ्रिका, अरबी समुद्र अशी थेट दक्षिण आशियापर्यंत येत होती. पुढच्या निरीक्षणांनी पृथ्वीवरचा धोका निवळला, ते सोडा. कादंबरीकाराच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. धक्का दिल्यावर आदळण्याचा बिंदू एकदम नाहीसा होत नाही. तो या पट्टीवरून सरकत सरकत पृथ्वीच्या काठाबाहेर जातो. धक्का कमी पडला तर तो मधेच थांबतो, आणि थांबतो तो अशा देशावर, ज्याला काल रात्रीपर्यंत काहीच भीती नव्हती. लघुग्रहाचा वेग वाढवला तर बिंदू एका दिशेला जातो, कमी केला तर दुसऱ्या. कोणत्या दिशेला न्यायचा, हे न्यूटन सांगत नाही. ते एका खोलीत बसलेली माणसं ठरवतात, आणि पट्टीवरच्या प्रत्येक देशाचा प्रतिनिधी त्या खोलीत असतो किंवा, अधिक रंजक म्हणजे, नसतो.

त्यातही अणुस्फोट करायचा ठरला तर १९६३चा अंशतः अणुचाचणीबंदी करार आडवा येतो. अवकाशात अणुस्फोटाला तो मनाई करतो. भारत, अमेरिका, रशिया, ब्रिटन त्याला बांधील आहेत. फ्रान्स आणि चीन यांनी तो कधीच स्वीकारला नाही. म्हणजे जग वाचवणारा बॉम्ब कोणाच्या अग्निबाणावर चढवणं कायद्याला सोपं, हा प्रश्न तयारच आहे. शिवाय १९६७च्या अवकाश करारातलं चौथं कलम अण्वस्त्र पृथ्वीच्या कक्षेत ठेवायला बंदी घालतं. कक्षेत न ठेवता सरळ पुढे धाडलं तर? हा ‘तर’ म्हणजे एक अख्खं प्रकरण आहे, आणि आपला सातवा नियम नेमकं तेवढंच प्रकरण कापायला सांगतो. मग उरते ती कादंबरी आम्ही पुष्कळदा वाचली आहे : ‘जगातले सर्व देश मतभेद विसरून एकत्र आले’ हे एका वाक्यात, आणि इंजिनाच्या वर्णनाला चाळीस पानं. त्यात खरी अशास्त्रीय गोष्ट ते एक वाक्य आहे.

दुसरी तक्रार ‘यंत्र हवं, बैठका नकोत’ या उत्तराबद्दल. १७ जुलै १९७५ रोजी अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएत संघाचं सोयुझ अवकाशात जोडलं गेलं. तोपर्यंतच्या जोडणीत एका यानाला पुढे आलेला दांडा आणि दुसऱ्याला तो घेणारं नरसाळं असे. एक सक्रिय, दुसरं निष्क्रिय. दोन महासत्तांपैकी निष्क्रिय कोणी व्हायचं? म्हणून दोन्ही बाजूंना सारखीच अशी नवी जोडणी तयार झाली : कडं, त्यावर तीन पाकळ्या, कुठल्याही यानाने पुढाकार घ्यावा, दुसऱ्याने आपलं कडं मागे घ्यावं. पहिल्या जोडणीत अपोलो सक्रिय होतं. दोन दिवसांनी यानं सुटी करून पुन्हा जोडली तेव्हा सोयुझ. समानतेचं कलम पोलादात ओतलं गेलं ते असं.

हवेचंही तेच. अपोलोत जवळपास शुद्ध प्राणवायू, साधारण एक-तृतीयांश वातावरण दाबाचा. सोयुझमध्ये जमिनीवरच्यासारखी हवा, पूर्ण दाबाची. सोयुझमधून थेट अपोलोत गेलेल्या माणसाच्या रक्तातला नायट्रोजन बुडबुडे होऊन बाहेर आला असता. म्हणून मध्ये दोन दारांचा कक्ष बसवला आणि सोव्हिएतांनी आपल्या यानातला दाब सुमारे दोन-तृतीयांशावर आणला. कोणी किती दाब सोडायचा, ही सवलत मागितली कोणी आणि दिली कोणी, हे बैठकांतच ठरलं. भाषेचा तिढाही तसाच सुटला : अमेरिकी अंतराळवीर रशियन बोलले, सोव्हिएत अंतराळवीर इंग्रजी. ऐकणाऱ्याला आपली भाषा, बोलणाऱ्याला सावकाश बोलायची सक्ती. परीक्षक महोदय, यातलं कुठलं वाक्य विज्ञानाचं आणि कुठलं राजनयाचं, ते वेगळं काढून दाखवाल?

तिसरी तक्रार : ‘असे विषय आपल्या वाचकाला दूरचे वाटतात’, हे नियमाचं समर्थन म्हणून सांगितलं गेलं. विदर्भातल्या वाचकाला हे सांगू नये. २ एप्रिल २०२२, पाडव्याची संध्याकाळ. आकाशातून जळते तुकडे जाताना अर्ध्या विदर्भाने पाहिले, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीच्या शिवारात तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. परिसरात धातूचे गोळेही सापडले. चिनी अग्निबाणाच्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असं तज्ज्ञांचं मत होतं. सुदैवाने कोणी दगावलं नाही.

आता लिहिणाऱ्याने या कड्याचा प्रवास क्रमाने मांडावा. गावकरी पोलीस पाटलाला सांगतात, कडं ठाण्यात येतं, पंचनामा होतो, तहसीलदार, जिल्हाधिकारी, मग अवकाश संशोधनवाले. इथवर आपली ओळखीची सरकारी वाट. यापुढे १९६८चा करार लागू होतो, अंतराळवीरांची सुटका आणि वस्तू परत करण्याबद्दलचा. त्याचं पाचवं कलम सांगतं : वस्तू सापडली की प्रक्षेपण करणाऱ्याला आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवा, त्यांनी मागितली तर परत द्या, शोधण्याचा आणि परत करण्याचा खर्च त्यांनी सोसायचा. कडं कोणाच्या गोठ्यावर पडलं असतं तर १९७२चा नुकसानभरपाईचा करार. जमिनीवर झालेल्या नुकसानीला प्रक्षेपक देश बिनशर्त जबाबदार, चूक सिद्ध करायची गरज नाही. अवकाशातच दोन उपग्रह आदळले तर मात्र चूक सिद्ध करावी लागते. या कराराखाली गोठ्याचा मालक स्वतः दावा लावू शकत नाही. त्याचं सरकार दुसऱ्या सरकारकडे लावतं, परराष्ट्र खात्यामार्फत, एका वर्षाच्या आत. आणि ‘प्रक्षेपक देश’ म्हणजे चौघांपैकी कोणीही : ज्याने सोडलं, ज्याने सोडवून घेतलं, ज्याच्या भूमीवरून सुटलं, ज्याच्या तळावरून सुटलं. खासगी कंपन्यांच्या काळात हे चारही वेगवेगळे देश असू शकतात, आणि चौघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात.

असं झाल्याचं उदाहरणही आहे. २४ जानेवारी १९७८ रोजी सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा उपग्रह कॅनडाच्या उत्तरेत कोसळला. त्यात युरेनियमची अणुभट्टी होती, किरणोत्सारी तुकडे बर्फावर दूरवर विखुरले. कॅनडाने सुमारे ६० लाख कॅनेडियन डॉलर मागितले, १९८१ मध्ये ३० लाखांवर मिटवामिटवी झाली. निम्म्यावर सौदा! इतवारीच्या बाजारातही याहून वेगळं काय होतं? पण त्या निम्म्यात तीन वर्षांचा पत्रव्यवहार आहे, किरणोत्साराची मोजणी आहे, ‘स्वच्छता म्हणजे नुकसान का’ हा वाद आहे. वैज्ञानिक पुरावा आणि राजनयिक पत्र एकाच टेबलावर. लाडबोरीच्या कड्यातून अशी कादंबरी कोणी लिहून आणली तर आपण ती न वाचताच परत पाठवणार आहात.

चौथी तक्रार थोडी वेगळी आहे, कारण इथे आम्ही आपल्याशी अर्धे सहमत आहोत. मागच्या फेरीत एका परीक्षकांनी म्हटलं होतं, की असल्या कादंबऱ्यांतल्या परिषदा कंटाळवाण्या आणि खोट्या वाटतात. खरं आहे. वाटतात. पण औषध बंदी नव्हे, तपासणी आहे. अग्निबाण चुकीच्या वेगाने सोडला तर आपण गुण कापता. तसे इथेही कापा. कुठे चुकतं, ते आम्हीच सांगतो.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे सही झाली की करार लागू. तसं नसतं. आधी प्रतिनिधीकडे मुखत्यारपत्र लागतं. मग मसुदा, ज्यात न पटलेले शब्द चौकोनी कंसात उभे असतात. वाटाघाटी म्हणजे बहुतेक वेळ हे कंस काढण्याचं काम. मग सही. मग प्रत्येक देशाच्या घरच्या पद्धतीने मंजुरी, ती मंजुरी ठरलेल्या ठिकाणी जमा करणं, आणि ठरलेली संख्या भरली की अंमल. अवकाश करार २७ जानेवारी १९६७ रोजी वॉशिंग्टन, लंडन, मॉस्को या तिन्ही राजधान्यांत सहीसाठी खुला झाला आणि १० ऑक्टोबरला लागू. चंद्र करार १९७९चा. पाच मंजुऱ्या भरायला १९८४ उजाडलं. भारताने त्यावर १९८२ मध्ये सही केली, मंजुरी आजवर दिलेली नाही. १९९६चा सर्वंकष अणुचाचणीबंदी करार तर याहून विलक्षण : ठरावीक ४४ देशांची मंजुरी लागते, ती पुरी झालेली नाही, करार लागू नाही, पण व्हिएन्नात त्याचं कार्यालय आहे आणि जगभर भूकंपमापक, सागरी श्रवणयंत्रं, हवेतले किरणोत्सारी कण टिपणारी केंद्रं रोज काम करताहेत. जन्म न झालेल्या कायद्याचे डोळे-कान उघडे आहेत. कल्पितकथेतसुद्धा सहज सुचणार नाही अशी ही वस्तू आहे.

दूतावास म्हणजे परदेशाची भूमी, ही दुसरी चूक. भूमी यजमान देशाचीच असते. १९६१च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे परवानगीवाचून आत जाता येत नाही, एवढंच. राजदूताला अटक करून खटला चालवणं ही तिसरी. यजमान त्याला ‘नको असलेली व्यक्ती’ ठरवून परत पाठवू शकतो, कारण न देता. त्याचं संरक्षण काढून घ्यायचा अधिकार त्याच्या स्वतःच्या सरकारला. राजनयिक थैली, म्हणजे दूतावासाच्या कागदपत्रांची मोहोरबंद पिशवी, उघडता येत नाही, अडवताही येत नाही, आणि ती केवढी असावी हे कलमात लिहिलेलंच नाही. परग्रहावरच्या दूताने घराएवढी ‘थैली’ उतरवली तर विमानतळावरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याने काय करावं? इथे विनोदी कादंबरीही आहे.

भाषांतराची चूक मात्र विनोदी नसते. १८८९ मध्ये इटली आणि इथिओपिया यांच्यात वुचालेचा तह झाला. सतराव्या कलमात अम्हारिक प्रत म्हणत होती की इथिओपियाला परदेशांशी व्यवहार इटलीमार्फत करता येईल. इटालियन प्रतीप्रमाणे करावाच लागेल. ‘येईल’ आणि ‘लागेल’ यांतल्या अंतरात १८९६ची इथिओपियातल्या अडवा गावाजवळची लढाई झाली, आणि इटली हरली. म्हणूनच करारात शेवटी लिहितात, कोणत्या भाषेतली प्रत प्रमाण. अवकाश कराराच्या पाच आहेत : इंग्रजी, रशियन, फ्रेंच, स्पॅनिश, चिनी, पाचही सारख्याच प्रमाण. परग्रहवासीयांशी तह करणाऱ्या मराठी कादंबऱ्यांत हे कलम आम्ही कधी पाहिलं नाही. ज्या भाषेत ‘कदाचित’ला शब्द नाही, तिच्यात तह कसा लिहाल?

प्रकाशाचा वेग हा तर राजनयाचा मूळ घटकच आहे. मंगळाशी बोलायचं तर निरोप एका बाजूने तीन ते बावीस मिनिटं घेतो, आणि सूर्य मध्ये आला की साधारण दोन आठवडे संपर्क जवळजवळ बंद. म्हणजे मंगळावरच्या वसाहतीत बसलेला दूत राजधानीला विचारून बोलू शकत नाही. त्याला अधिकार किती द्यायचे, हे निघतानाच लिहून द्यावं लागतं. तारायंत्राच्या आधीच्या सगळ्या दूतांची हीच अवस्था होती. ब्रिटन आणि अमेरिकेचा घेंटचा तह २४ डिसेंबर १८१४ला झाला; बातमी समुद्र ओलांडायच्या आत, ८ जानेवारी १८१५ला न्यू ऑर्लिन्सला माणसं मरत होती. पानिपत १४ जानेवारी १७६१ला झालं आणि माळव्यात भेलशाजवळ असलेल्या नानासाहेब पेशव्यांना ते कळलं सावकारी पत्रातून, मोती आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत, दहाएक दिवसांनी. सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर. प्रश्न आणि उत्तर मिळून साडेआठ वर्षं. लोकसभेची मुदत पाच. ज्या सरकारने विचारलं ते उत्तर ऐकायला नसणार. करार सरकार बदललं तरी देशाला बांधतो, हे तत्त्व तिथे किती ताणलं जाईल? यात भौतिकशास्त्र नाही, असं कोण म्हणेल?

आणि परक्यांकडून संदेश आलाच, तर आपल्या कादंबरीतला नायक त्याच रात्री उत्तर पाठवतो. अंतराळविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय अकादमीने १९८९ मध्ये यासाठी तत्त्वं ठरवली, २०१० मध्ये सुधारली : आधी खातरजमा, मग जाहीर करा, आणि सल्लामसलतीशिवाय उत्तर देऊ नका. ती बंधनकारक नाहीत. तेव्हा नायकाने उत्तर पाठवावं, खुशाल. पण काय मोडतो आहे ते त्याला ठाऊक असावं.

पाचवी तक्रार. ‘राजनय हा पाश्चात्त्य विषय’, हेही ऐकू आलं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांना वखारीसाठी जागा कुठे द्यावी याची चर्चा आहे : समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी नको, आत द्या, पक्कं बांधकाम करू देऊ नका. परग्रहावरून आलेल्या ‘व्यापारी शिष्टमंडळा’ला तळ कुठे द्यावा, यावर याहून नेमकी सूचना कुठल्या कादंबरीत आहे? पुरंदरच्या तहात ३५ किल्ल्यांपैकी २३ गेले, १२ राहिले. कोणते बारा, हीच खरी वाटाघाट.

नागपूरकराला तर हे शिकवायलाच नको. १७ डिसेंबर १८०३ला इंग्रजांशी देवगावचा तह झाला. दुसऱ्या रघुजी भोसल्यांचं कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला, आणि पाठोपाठ नागपुरात एल्फिन्स्टन रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी, म्हणून येऊन बसला. एक दूत, एक बंगला, थोडे शिपाई. चौदा वर्षांत सीताबर्डीची लढाई. पन्नास वर्षांत, १८५३ला तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, आणि राज्यच खालसा. ‘तांत्रिक सल्लागार’ म्हणून आलेला परका हळूहळू राज्याचा मालक कसा होतो, याचा आराखडा बर्डीच्या टेकडीवर उभा आहे. त्याच टेकडीपासून हाकेच्या अंतरावर दर हिवाळ्यात विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, रस्ते अडतात, लोक वैतागतात. त्याचं मूळ विदर्भाला एका मराठी राज्यात घेण्यासाठी झालेल्या २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर करारात आहे. अधिवेशन होतं, ते डोळ्यांना दिसतं. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचं कलमही त्यातच होतं. ते पाळलं गेलं का, यावर इथे अजून भांडण होतं. मोजता येणारं कलम आणि न मोजता येणारं कलम यांतला फरक आम्ही इथे राहून शिकलो.

बाहेरच्या उदाहरणांना फार जागा देत नाही. उर्सुला ले ग्विन यांच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये (१९६९) एकटा दूत बर्फाळ ग्रहाला संघात येण्याचं आमंत्रण द्यायला येतो; ह्यूगो आणि नेब्यूला हे विज्ञानकथेचे दोन्ही मोठे पुरस्कार तिला मिळाले. आर्केडी मार्टिन यांच्या ‘अ मेमरी कॉल्ड एम्पायर’ची (२०१९) नायिका राजदूत आहे, तिलाही ह्यूगो. किम स्टॅनली रॉबिन्सन यांची ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’ (२०२०) उत्तर प्रदेशातल्या उष्णतेच्या लाटेने सुरू होते, आणि त्यानंतर भारत कोणाला न जुमानता आकाशात ऊन अडवणारे सूक्ष्म कण फवारतो. मे महिन्यात नागपुरात बसून ती वाचून पाहा. या तिन्ही कादंबऱ्या सातव्या नियमाने बाद.

शेवटची तक्रार छोटी. प्रवेशिकेच्या पहिल्या पानावर लेखकाचं नाव आणि व्यवसाय मागितला आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती आणि पहिलं बक्षीस मिळवलं. नावाचं वजन पडू नये म्हणून त्यांनी जे स्वतःहून केलं, ते आपण नियमाने करायला हवं.

आमच्या मागण्या अशा :

सातवा नियम रद्द करावा. कसोटी हवीच असेल तर ही ठेवावी : वैज्ञानिक कल्पना काढून घेतली तर कथानक जसंच्या तसं उभं राहतं का? राहत असेल तर ती विज्ञानकादंबरी नव्हे. ही कसोटी यंत्रांच्या आणि वाटाघाटींच्या कादंबऱ्यांना सारखीच लावावी. पहिल्या प्रकारातल्याही पुष्कळ गळतील.

अंतिम फेरीत आंतरराष्ट्रीय कायदा किंवा परराष्ट्र व्यवहार जाणणारी एक व्यक्ती परीक्षक किंवा सल्लागार म्हणून घ्यावी. एक पुरे.

कराराचा मसुदा, नकाशा, कालपट असं दहा पानांपर्यंतचं परिशिष्ट पानांच्या मर्यादेबाहेर धरावं.

लेखकाचं नाव आणि व्यवसाय बंद पाकिटात घ्यावा, निकालानंतरच उघडावा.

नाकारलेल्या प्रत्येक हस्तलिखिताला अर्ध्या पानाचा लेखी अभिप्राय द्यावा. ‘राजकीय’ हा एक शब्द अभिप्राय म्हणून चालणार नाही.

आणि या नियमामुळे ज्यांनी यंदा पाठवलंच नाही, त्यांच्यासाठी मुदत एक महिना वाढवावी.

यातलं आपल्याला काही मान्य नसेल तर कलमवार उत्तर द्यावं, लेखी आणि जाहीर. न पटलेले शब्द चौकोनी कंसात ठेवले तरी चालेल. आम्ही बसायला तयार आहोत.

आपले,
नागपुरातले काही वाचक आणि लेखक